मुदत आणि दिरंगाई

‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण जेव्हा रूढ झाली तेव्हा कचेरीत दौत, टाक आणि बासनात बांधलेली दप्तरे एवढीच काय ती सामग्री असे. पुढे टंकयंत्र आले, दूरध्वनी आला, आणि गेल्या पाव शतकात संगणक आला. सामग्री बदलत गेली. म्हण मात्र अजून जुनी झाली नाही. असे का व्हावे, या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असते : यंत्रे अजून पुरेशी आलेली नाहीत, ती आली म्हणजे दिरंगाई आपोआप जाईल. हे उत्तर कितपत खरे, याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उत्तर पारखावयाचे तर यंत्रांची वाण जेथे नाही असा देश घेतला पाहिजे. जपान हा तसा देश होय. १ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियोच्या ऑलिम्पिक सामन्यांच्या तोंडावर, टोकियो आणि ओसाका यांच्या दरम्यान ताशी २१० किलोमीटर वेगाने धावणारी आगगाडी सुरू झाली आणि साऱ्या जगाने तोंडात बोट घातले. त्याच देशात २०२० सालच्या महामारीत सरकारने प्रत्येक रहिवाशाला एक लक्ष येन द्यावयाचे ठरविले, तेव्हा संगणकावरून आलेले अर्ज अनेक नगरपालिकांतील कारकुनांना कागदावर छापून घ्यावे लागले आणि रहिवाशांच्या नोंदींशी एकेक करून डोळ्यांनी ताडून पाहावे लागले. काही नगरांवर तर संगणकावरील अर्ज बंद करून नागरिकांना टपालाची वाट दाखविण्याची पाळी आली. घरी राहून काम करण्याची आज्ञा झालेले नोकरदार केवळ कागदावर मोहोर उमटविण्यासाठी आगगाडीने कचेरी गाठीत होते.

या मोहोरेला तिकडे ‘हान्को’ म्हणतात. आपण जेथे सही करतो तेथे जपानी माणूस आपल्या नावाचा छोटा शिक्का उठवितो. कचेरीतील एखादा प्रस्ताव खालच्या कारकुनापासून वरच्या अधिकाऱ्यापर्यंत फिरतो आणि प्रत्येकजण त्यावर आपली मोहोर उमटवितो. काही कचेऱ्यांत तर खालच्याने आपली मोहोर वरच्याच्या मोहोरेकडे किंचित कलती उठवावी, म्हणजे ती नमस्कार करीत आहे असे दिसावे, असा शिष्टाचार आहे. पुढे हीच मोहोर संगणकाच्या पडद्यावर आली, तेव्हा तीही कलती करण्याची सोय करून देण्यात आली! यंत्र नवे आले. पण त्याने जुन्या रीतीपुढे मान तुकविली.

२०२० च्या सप्टेंबरात तारो कोनो हे प्रशासन-सुधारणा खात्याचे मंत्री झाले आणि त्यांनी मोहोरेविरुद्ध मोहीम उघडली. मोहोर लागणारी सुमारे १५ हजार सरकारी कामे मोजण्यात आली. त्यांपैकी अवघ्या ८३ कामांत ती राखावी आणि बाकीच्यांतून काढावी असे ठरले. राखलेली कामे होती ती नोंदणीकृत मोहोर मागणारी, म्हणजे जेथे माणसाची ओळख आणि संमती खरोखरच पटवून घ्यावयाची असते ती. पुढे २०२२ साली याच मंत्र्यांनी सरकारी नियमांत अडकून पडलेल्या ‘फ्लॉपी’ चकत्यांकडे मोर्चा वळविला, आणि २०२४ च्या जूनअखेर त्या चकत्या मागणारे हजारावर नियम रद्द झाले. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, कोनो यांना नवे यंत्र शोधावे लागले नाही. प्रत्येक मोहोरेपाशी थांबून ‘ही कशासाठी?’ एवढेच त्यांना विचारावे लागले. हा प्रश्न यंत्र विचारीत नाही. तो माणसालाच विचारावा लागतो.

जपानच्याच एका कलावंताने हा प्रश्न फार आधी विचारून ठेविला होता. अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’ हा चित्रपट १९५२ चा. नावाचा अर्थ ‘जगणे’. नगरपालिकेच्या नागरिक-विभागाचा प्रमुख वातानाबे हा त्याचा नायक. ताकाशी शिमुरा या थोर नटाने ती भूमिका केली आहे. तीस वर्षे हा गृहस्थ मोहोरा उमटवीत बसला आहे. एका वस्तीतील बाया सांडपाण्याचे डबके बुजवून तेथे मुलांना खेळावयास बाग करून द्या, असा अर्ज घेऊन येतात. त्यांना या खात्यातून त्या खात्यात, तेथून तिसऱ्यात असे फिरविले जाते, आणि शेवटी जेथून निघाल्या त्याच खिडकीपाशी त्या परत येतात. या चित्रपटात एक लहानशी जागा आहे, ती समीक्षकाने नजरेआड करू नये. वातानाबे आपला खण उघडतो. आत कचेरीच्या कामकाजात सुधारणा कशी करावी याविषयी त्याने तरुणपणी स्वतःच लिहिलेला एक मसुदा आहे. त्यातले एक पान तो फाडतो आणि त्याने मोहोरेवरची शाई पुसतो.

वातानाबेला जेव्हा कळते की आपल्या पोटात कर्करोग आहे आणि आयुष्याचे थोडेच महिने उरले आहेत, तेव्हा तो बायांचा तोच अर्ज हाती घेतो आणि स्वतः एकेका खात्याच्या दारात जाऊन उभा राहतो. अपमान होतो, तो गिळतो. धमक्या येतात, तो हसतो. उठत मात्र नाही. बाग होते. त्याच्या मृत्यूनंतर जमलेले सहकारी गहिवरून शपथा घेतात की आपणही असेच वागू. आणि पुढे कचेरीत पूर्वीचाच क्रम चालू राहतो. या कथेत यंत्र कोठेच नाही. पण समजा, त्या कचेरीत प्रत्येक मेजावर संगणक असता, तर काय झाले असते? बायांचा अर्ज एका खात्यातून दुसऱ्यात क्षणार्धात गेला असता. आणि तितक्याच वेगाने परत आला असता. कुरोसावांचा रोख कागदाच्या गतीवर नाहीच. ‘हे माझे काम आहे’ असे म्हणणारा माणूस त्या कचेरीत कोठे आहे, असे ते विचारतात.

आता हाच प्रश्न घेऊन आपल्या मुलखात यावे. जपानची गोष्ट परक्याची म्हणून सोडून देता येईल. आपल्या शेताच्या उताऱ्याची तशी सोडता येणार नाही.

२००१ च्या सुमारास कर्नाटक सरकारने ‘भूमी’ नावाची योजना पुरी केली. राज्यातील सुमारे ६७ लक्ष खातेदारांच्या दोन कोटी जमीन-नोंदी संगणकात घालण्यात आल्या. तलाठ्याच्या हातचा उतारा बाद झाला. तालुक्याच्या कचेरीत खिडकीपाशी १५ रुपये भरले की छापील उतारा हाती पडू लागला. नोंदीत बदल करणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्या बोटाचा ठसा यंत्राला द्यावा लागे, आणि जो अर्ज आधी आला तो आधी निकालात काढावा असा क्रम यंत्राने बांधून दिला. ही सुधारणा लहान नव्हे. पूर्वी उताऱ्यासाठी तलाठ्याच्या घरी किती खेटे घालावे लागत आणि खिशात काय घालून जावे लागे, हे बेळगाव, चिकोडी, खानापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांना कोणी सांगावयास नको. तो जाच पुष्कळसा गेला, आणि त्याचे श्रेय यंत्राला मोकळ्या मनाने दिले पाहिजे. महाराष्ट्रातही २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आहे.

परंतु उतारा मिळणे ही एक गोष्ट, आणि उताऱ्यावरची नोंद खरी होणे ही दुसरी. छापावयास अर्धे मिनिट लागते. वारसा लावावयास, वाटणी नोंदवावयास, फेडलेल्या कर्जाचा बोजा कमी करावयास किंवा नावातील एका अक्षराची चूक दुरुस्त करावयास लागणारा काळ यंत्राच्या हातात नाही. जमिनीचा तुकडा विकावयाचा तर मोजणीचा नकाशा हवा, आणि नकाशासाठी भूमापक शेतात यावयास हवा. बांध काही आपण होऊन पडद्यावर चढत नाही. शिवाय जुन्या वहीतील चूक संगणकात जशीच्या तशी उतरली, तर ती आता छापील दिसते, आणि छापील चुकीचा रुबाब हस्तलिखित चुकीपेक्षा मोठा असतो. ‘संगणकात असेच आहे’ या वाक्यापुढे अर्जदाराचे घोडे अडते. पूर्वी ‘साहेब फिरतीवर आहेत’ असे उत्तर मिळे. आता ‘सर्व्हर बंद आहे’ असे मिळते. साहेब निदान संध्याकाळी परत तरी येत!

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कायद्याच्या व्यवसायात तो पावलोपावली भेटतो. कचेरीत जाणारा सगळा काळ एकाच जातीचा नसतो. त्यात एक असते मुदत, आणि दुसरी असते दिरंगाई. मुदत कायद्याने घातलेली असते. तिला आरंभ आणि शेवट असतो, आणि ती कोणाच्या तरी हितासाठी असते. दिरंगाई कोणीच घातलेली नसते. तिला शेवट नसतो, आणि तिचा लाभ ज्याला जबाबदारी टाळावयाची आहे त्यालाच होतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हींत अर्जदार थांबलेलाच असतो.

उदाहरण फेरफाराचे घ्यावे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि जमिनीच्या बाबतीत येथे १८७९ चा मुंबई जमीन-महसूल कायदा चाले. पुढे कर्नाटकाचा १९६४ चा आणि महाराष्ट्राचा १९६६ चा असे दोन कायदे झाले. पण फेरफाराची रीत दोघांनी त्याच जुन्या घरातून उचलली. कोणी वारसाची किंवा खरेदीची वर्दी दिली की तलाठ्याने ती नोंदवावी, तिची प्रत चावडीवर लावावी, ज्यांचा संबंध दिसतो त्यांना लेखी कळवावे, हरकतीसाठी ठराविक दिवस थांबावे, आणि मगच अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावी. महाराष्ट्रात ही मुदत पंधरा दिवसांची. कर्नाटकात ती तीस दिवसांची असे आणि पुढे ती कमी करण्याकडे सरकारचा कल झाला.

हे थांबणे कोणासाठी? निपाणीकडच्या एखाद्या गावातील शेतकरी वारला असे समजा. दोन मुलगे गावात आहेत. मुलगी गडहिंग्लजला किंवा कागलला दिली आहे. अंतर पंधरा-वीस मैलांचे, पण मध्ये राज्याची हद्द. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९९४ साली दिला, आणि २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन तो साऱ्या देशाला लागू झाला. पण हक्क कायद्याच्या पुस्तकात असतो आणि नाव उताऱ्यावर. भावांनी दिलेल्या वर्दीत बहिणीचे नाव राहिले, किंवा ‘राहू दिले’, तर तिला ते कळण्याची संधी कोणती? चावडीवरची ती नोटीस, आणि ते पंधरा किंवा तीस दिवस. तिची ढाल म्हणून कायद्याने ठेविलेली एवढी एकच वस्तू आहे.

कचेरी वेगवान करावयास निघालेल्या सुधारकाची दृष्टी नेमकी या ढालीवर प्रथम पडते. कारण मुदत मोजता येते. ती तीसाची पंधरा केली की आकडे सुधारतात आणि अहवाल साजरा दिसतो. दिरंगाई मोजता येत नाही, कारण ती कोणत्याच कलमात लिहिलेली नसते. कर्नाटकात ‘सकाल’ योजना २०१२ साली सुरू झाली. तीत प्रत्येक कामाला दिवस ठरवून दिले, आणि उशीर झाल्यास दिवसाला २० रुपये, फार तर ५०० रुपये, अर्जदाराला भरपाई मिळावी असे ठरले. तत्त्व उत्तम. पण दिवस पाळण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे शेवटच्या दिवशी त्रुटी काढून अर्ज परत करणे. असा अर्ज यंत्राच्या हिशेबी निकालात निघतो. अर्जदाराच्या हिशेबी तो आज जन्मला. वातानाबेच्या कचेरीतील बाया मनात येतात त्या येथे.

सीमाभागात या प्रश्नाला भाषेचीही एक घडी आहे. ती उलगडताना आवेश नको. साधा विवेक पुरे. बेळगाव-निपाणीचा उतारा कन्नडात असतो. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या मराठी किंवा कोंकणी बोलली जाते तेथील म्हाताऱ्या माणसाच्या हाती तो अर्ध्या मिनिटात पडतो आणि मग तो वाचून दाखविणारा मिळेपर्यंत अर्धा दिवस तसाच पडून राहतो. पलीकडे जत किंवा अक्कलकोट तालुक्यातील कन्नड शेतकऱ्याची मराठी सातबाऱ्यापुढे हीच अवस्था होते. न्याय मागावयाचा तर दोघांसाठी मागितला पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत सरकारदरबारी मांडण्याचा हक्क दिला आहे. उत्तर कोणत्या भाषेत यावे, याविषयी मात्र ते कलम मौन पाळते.

‘गाऱ्हाणे’ हा शब्द आपल्या देवळांतून रोज ऐकू येतो. गोव्याकडच्या देवस्थानांत देवाला प्रसाद लावतात, कौल घेतात, तेव्हा भक्ताच्या वतीने गाऱ्हाणे घातले जाते ते भक्ताला समजेल अशा बोलीत. मग सारे पाकळीकडे पाहत थांबतात. कधी ती लवकर पडते, कधी तास जातो. त्या थांबण्याचा कोणी राग करीत नाही. कारण काय विचारले ते कळलेले असते, कोणाला विचारले ते ठाऊक असते, आणि पाकळी डावी पडली की उजवी हे आपल्या डोळ्यांनी दिसते. श्रद्धेची गोष्ट बाजूस ठेविली तरी या तीन गोष्टी कोणत्याही कचेरीने शिकण्याजोग्या आहेत.

देवळांचा विषय निघालाच आहे, तर स्वतःच्या घरातही डोकावावे. आपल्यापैकी अनेकांची कुलदैवते गोव्यात आणि घरे बेळगावात, खानापुरात, निपाणीत. आज कोठूनही भ्रमणध्वनीवरून देवापुढे दक्षिणा क्षणात पोचविता येते. पण गोव्यातील देवस्थानांचा कारभार अद्याप १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमांनी चालतो. मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक, आणि महाजन कोण हे ठरते ते नोंदवहीवरून. तीत नाव घालावयाचे तर वंशावळ आणि जन्ममृत्यूचे दाखले लागतात. जुने कागद पोर्तुगीजात असतात आणि आडनाव दर पिढीला वेगळ्या वर्णांनी लिहिलेले असते. दक्षिणा क्षणात पोचते, हक्काला मात्र काळ लागतो, अशी तक्रार तरुण मंडळी करतात. पण महाजनकीची नोंदही झटपट व्हावी असे म्हणणाऱ्याने विचार करावा : ज्या नोंदीने देवळाच्या कारभारात मत मिळते, ती कोणाचीही हरकत न ऐकता व्हावी काय? येथेही काही काळ मुदतीचा आहे आणि काही दिरंगाईचा. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधू नयेत.

जुन्या कागदांपुढे यंत्र कसे हतबल होते, याचा दाखला महाराष्ट्राने नुकताच पाहिला. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. लाखो कागदांची छायाचित्रे यंत्राने घेतली. आणि मग ती मोडी वाचणाऱ्या माणसांची वाट पाहू लागली. मोडी सोडून देताना आपण ‘जुने ते गेले’ म्हणालो होतो. ते कोठेही गेले नव्हते. दप्तरात बसून होते.

सर्वांत मोठे भिजत घोंगडे आपल्या सीमाभागाचेच. महाराष्ट्राने घटनेच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. २०१४ साली साक्षीपुरावा नोंदविण्यासाठी आयुक्त नेमण्याचा हुकूम झाला. मधल्या काळात त्या न्यायालयात संगणकावरून दावे दाखल होऊ लागले, आणि २०२२ पासून घटनापीठांची सुनावणी घरबसल्या पाहता येऊ लागली. या दाव्याचा अंतिम निकाल मात्र दोन दशके उलटली तरी आलेला नाही. दाव्याच्या गुणदोषांविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. आपल्या वाचकांत दोन्ही मतांचे लोक आहेत. पण निकाल कोणताही लागो, जे जन्माला आले तेव्हा दावा नवा होता ते आज मतदार झाले आहेत. याला मुदत म्हणता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, वकिलाला सावकाशी गोड लागणारच. तारखांवर त्याचे घर चालते. टोमणा अगदीच निराधार नाही, आणि ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आमच्या व्यवसायाने कमावलेली आहे. म्हणूनच मागणी नेमकी असावी. नोटिशीची मुदत कमी करण्यापूर्वी ती नोटीस हद्दीपलीकडच्या बहिणीपर्यंत खरोखर पोचते की नाही, हे पाहावे. तिचा भ्रमणध्वनी क्रमांक वर्दीतच घेतला तर हे काम यंत्र चांगले करील. उताऱ्यावरील मथळे ठरलेले आणि मोजके असतात. ते दोन लिप्यांत छापावयास यंत्राला अधिक वेळ लागत नाही. आणि अर्ज आज कोणाच्या मेजावर आहे, किती दिवसांपासून आहे आणि का आहे, हे अधिकाऱ्याच्या नावानिशी अर्जदाराला कळावे. यांपैकी एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही. आहे त्या यंत्राला, ते कोणासाठी आहे, एवढे सांगावे लागते.

जपानने १५ हजार मोहोरा काढताना ८३ राखल्या. आपल्याकडे अजून मोजणीच झालेली नाही. कोणते थांबणे राखावयाचे आणि कोणते टाकावयाचे, हे ठरविल्यावाचून वेग वाढविला, तर आधी जाईल ती बहिणीची मुदत. आणि कारकुनाची दिरंगाई नव्या खुर्चीवर तशीच बसून राहील.